कोऱ्या डेनिमची झोळी

तिचं नाव इथे लिहिणार नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. कुत्री म्हणा, तेवढं पुरे. चिखलोलीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ती राहायची. अंगाने पांढरी, एक कान तपकिरी, आणि इतकी आगाऊ की दूधवाल्याची पिशवी हुंगल्याशिवाय त्याला वर सोडायची नाही. बिल्डरने पाया खणला तेव्हापासून ती इथे होती, आम्ही सगळे नंतर आलो. तसं बघितलं तर मूळची रहिवासी तीच.

वैशाखात एका दुपारी शेजारच्या प्लॉटवर रेतीचा डंपर मागे येत होता आणि तो तिच्या कमरेवरून गेला. मी उल्हासनगरला कामावर होते. नवऱ्याचा फोन आला तशी मशीन बंद करून निघाले. मी पोचेपर्यंत त्याने तिला एका फळीवर घालून बदलापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. टेबलावर ती पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होती, आणि मागचा अर्धा भाग दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा नुसता पडून होता.

"कणा तुटलाय," डॉक्टर म्हणाले. "मागचे पाय गेले. लघवीवरचा ताबा गेला. तुमची तयारी असेल तर इंजेक्शन देतो, तिला काही कळणार नाही."

ती नवऱ्याचं बोट चाटत होती. मी म्हटलं, नाही.

डॉक्टर रागावले नाहीत, समजावायलाही बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग एक लक्षात ठेवा. कमरेखाली तिला आता काही जाणवत नाही. खुपलं, कापलं, भाजलं तरी ती ओरडणार नाही. रोज तुम्हीच बघायचं."

मी रोज बघितलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाईने दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष केलं असतं तर निदान तेवढी तरी सबब राहिली असती.

आमच्या वन रूम किचनमध्ये तिची गादी टीव्हीखाली आली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, दिवसातून तीन वेळा पोट हलक्या हाताने दाबून लघवी काढायची. हे काम नवऱ्याने घेतलं. तो प्लंबर आहे. "जन्मभर लोकांचे गळके नळ बंद केले," तो म्हणायचा, "आता एक बंद नळ चालू करत बसलोय." ती त्याच्याकडे मान वळवून बघायची. इतक्या अपमानातही तिचा आगाऊपणा शाबूत होता. मला तिचा तो स्वभाव बघूनच धीर यायचा.

मग त्याने मोबाइलवर परदेशातल्या कुत्र्यांच्या गाड्यांचे व्हिडिओ बघितले. मागे दोन चाकं, मधे सांगाडा, त्यात कुत्र्याचं बूड अडकवलेलं, आणि कुत्रं पुढच्या पायांनी पळतंय. तो उठून पट्टी घेऊन आला आणि तिची मापं घेतली. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, हे सगळं त्याच्या पिशवीतलंच. चाकं मी उल्हासनगरच्या भंगार बाजारातून आणली, लहान मुलांच्या सायकलला आधाराला लावतात ती. सांगाडा त्याने तीनदा सोडून तीनदा जोडला. शेवटी तो असा नेमका बसला की डॉक्टरांनीही नंतर त्यात काही खोट काढली नाही.

झोळी माझ्याकडे आली. मांड्यांमधून जाणारी, तिचं सगळं वजन पेलणारी.

मी सतरा वर्षं जीन्स शिवते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमचा कारखाना आहे, आणि तिथे माझं काम म्हणजे आसन. दोन पाय जिथे एकत्र येतात ती जागा. पँट फाटते ती तिथेच, त्यामुळे तिथला हात पक्का लागतो. कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दोन सुयांची शिलाई, आणि टोकाला बारटेक, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यावर असतो तसला दाट आडवा टाका. सेठ नव्या लोकांना माझा माल दाखवायचे. "देखो, इसका आसन देखो. कपडा फट जाएगा, सिलाई नहीं खुलेगी." ऐकून मी मान खाली घालायचे आणि आतून फुगायचे. दुसऱ्या कशात कुणी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

झोळीसाठी सेठकडे कतरण मागितली. ते म्हणाले, "ले जा बेटी, जितना चाहिए." ढिगात धुवून आलेल्या मालाचे मऊ तुकडेही होते. मी ते बाजूला सारले. धुलाईत दगड-केमिकल खाऊन आलेलं कापड दिसायला छान, पण त्याचा जीव गेलेला असतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत. मी कोरं डेनिम घेतलं. जाड, करकरीत, उभं केलं तर उभं राहील असलं. ते दुहेरी केलं. मांडीच्या जागेवर दोन सुयांची शिलाई मारली, चारही टोकांना बारटेक दिले. मला येत होतं ते सगळं त्या झोळीत घातलं.

पहिल्या दिवशी तिला गाडीत बसवून खाली अंगणात सोडलं. क्षणभर ती गोंधळली. मग पुढे एक पाऊल टाकलं, चाकं मागोमाग आली, आणि तिला उमगलं. ती जी सुटली ती थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर आदळली, गाडीसकट कलंडली, उचलून ठेवल्यावर पुन्हा पळाली. गॅलऱ्यांमधून लोक टाळ्या वाजवत होते. सेक्रेटरी, ज्यांनी वासाबद्दल दोनदा तक्रार केली होती, तेसुद्धा हसले. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

श्रावणात नवऱ्याला सोनिवलीत एका नव्या टॉवरचं काम मिळालं. टॉवरला खेटून एका आगरी म्हातारीचं घर होतं, शेत जाऊन उरलेलं. दुपारी तिच्याकडे तो पाणी मागायचा. तिच्या कुत्र्याला कुणी बाइकवाल्याने उडवलं होतं आणि ते बिचारं अंगणात फरपटत फिरायचं. नवऱ्याने घरी येऊन सांगितलं, आणि आठवड्याभरात दुसरी गाडी तयार झाली. झोळी अर्थात माझीच, तशीच, त्याच कापडाची. रविवारी आम्ही दोघं जाऊन कुत्र्याला बसवून आलो. म्हातारीने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. परत येताना रिक्षात मी नवऱ्याला म्हटलं की मागणी आली तर आपण अशा दहा बनवू. इतकी मी खूश होते.

गणपतीनंतर कारखान्यात सीझन सुरू झाला. दिवाळीचा माल, रोज जास्तीचे तास. सकाळी निघताना मी तिला गाडीत बसवायचे, दुपारी नवरा घरी येऊन उतरवायचा. संध्याकाळी आल्यावर तिला उलटं करून सगळं अंग तपासायचे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, न चुकता.

आणि मला दिसायचं. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे शिलाई यायची तिथे, निळा पट्टा उमटला होता. तो दिसणारच. कोऱ्या डेनिमचा रंग उतरतो, त्यात झोळी लघवीने सतत ओलसर. माझी स्वतःची बोटं सतरा वर्षांत कधी स्वच्छ झाली नाहीत. नखांच्या कडा, तळव्यांच्या रेषा, सगळीकडे निळं. सणाला पाहुण्यांकडे गेले की मी हात पदराखाली घेते. तिची मांडी निळी झालेली बघून मला उलट हसू आलं. नवऱ्याला म्हटलं, "बघ, आता हीसुद्धा आमच्या कारखान्यात लागली."

निळा पट्टा गडद झाला. मग काळपट झाला. मी म्हटलं, रंग साचतोय. तिचं खाणं कमी झालं, तेव्हा म्हटलं, उकाडा आहे. या सगळ्या गोष्टी मी डोळ्यांनी बघत होते आणि प्रत्येकीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. माणूस अडाणी असता तर त्याने डॉक्टरांना विचारलं असतं. मी कशाला विचारीन? डेनिमचा रंग मला कुणी शिकवायचा?

नवरात्रात एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "वास येतोय गं. आणि हा रंग पुसूनही जात नाही."

"तेलाने जाईल," मी म्हटलं. आम्ही हाताचा रंग खोबरेल तेलाने काढतो. वाटीत थोडं तेल घेतलं, बोटाने त्या काळ्या पट्ट्यावर चोळलं. कातडीच निघून माझ्या बोटाला आली. खाली ओली, पिवळट खाच होती, माझ्या शिलाईइतकी सरळ. ती मात्र माझ्याकडे बघून शेपटीऐवजी मान हलवत होती, कारण तिला काहीच कळत नव्हतं. त्या क्षणी ती ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

डॉक्टरांनी दोन्ही मांड्या बघितल्या. एका बाजूला हाडापर्यंत गेलं होतं. अंगात विष भिनलं होतं, ताप होता. त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी म्हटलं, "मला वाटलं, कापडाचा रंग आहे." त्यांनी झोळी हातात घेतली, अंगठ्याने ती शिलाई दाबून बघितली आणि टेबलावर ठेवून दिली. कापडाला काहीही झालं नव्हतं. एक टाकासुद्धा सुटला नव्हता.

या वेळी मी नाही म्हटलं नाही. नवऱ्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तो मला एका शब्दानेही बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी मशीन पुसून, झेंडूची माळ घालून जी ती आपापल्या मशीनची पूजा करते. सेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरत होते. माझ्या दोन सुयांच्या मशीनसमोर मी हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभी राहिले आणि माझा हात पुढे जाईना. शेजारच्या मशीनवरच्या बाईने माझ्या हातातून वाटी घेऊन बोटं लावली. तिला वाटलं, माझी अडचण आहे. मी तसंच वाटू दिलं.

मग आठवलं सोनिवलीचं. खरं सांगायचं तर आधीच आठवलं होतं, पण मन तिकडे वळत नव्हतं. रविवारी मी एकटीच गेले, पिशवीत कात्री आणि मऊ फ्लॅनेलची नवी झोळी घेऊन. वाटेत मनाशी सगळं ठरवत होते, कसं सांगायचं, पाया कसं पडायचं, डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा कुठून मिळेल.

कुत्रा अंगणात गाडीत उभा होता. मला बघून भुंकला आणि चाकं खडखडवत अंगावर आला. मी तिथेच मातीत बसले आणि त्याच्या पोटाखाली बघितलं. मांड्या गुलाबी, कोरड्या, स्वच्छ. माझ्या झोळीच्या जागी जुन्या लुगड्याची पट्टी होती, धुवून धुवून मलमलीसारखी झालेली. पाठीमागे दोरीवर तसल्याच आणखी तीन पट्ट्या वाळत होत्या.

म्हातारी ओटीवरून उठून आली. मला खाली बसलेली बघून ओशाळली.

"तुझी झोली काढली म्या," ती म्हणाली. "रागावू नको बाय. त्याला रुतत व्हती. निला डाग परला, मना रंगच वाटला, पन म्या हात लावून बगला तं गरम लागला. वली पन राहायची. मंग लुगरा फारला."

"कधी काढलीत, मावशी?"

"गनपतीच्या आदी. लई दिस झाले."

गणपतीच्या आधी माझ्या कुत्रीच्या मांडीवर नुसती निळी रेघ होती.

"मग आम्हाला सांगितलं का नाही? हे इथे रोज कामाला येत होते."

"सांगनार व्हते. दोनदा तोंडाशी आला," ती म्हणाली. "पन तू येवरी मायेनं शिवलीस. आयत्या दिलेल्या वस्तूला नाव कसा ठेवायचा? तुला वाईट वाटला असता."

तिने आतून माझी झोळी आणून दिली. धुवून, घडी घालून, पिशवीत नीट ठेवलेली होती. मग तिने चहा टाकला. मी ओटीवर बसून राहिले. माझ्या अंगात संताप मावत नव्हता, आणि तो कुणावर काढायचा हे समजत नव्हतं. माझ्यासमोर सत्तरीची एक बाई होती, जिने कुत्र्याच्या कातडीला हात लावून बघितला होता. मी रोज फक्त डोळ्यांनी बघितलं.

"तुझी कशी हाय?" तिने विचारलं. "पलते का नाय?"

सांगितलं असतं तर तिला त्याच क्षणी सगळं समजलं असतं. ती दोनदा तोंडाशी येऊन गिळलेली गोष्ट तिने मरेपर्यंत उगाळली असती.

"पळते की," मी म्हटलं. "ऐकत नाही कुणाचं."