सहा खिसे, सहा गावं

“थोरली अजून घरात बसून आहे, आन् तू धाकटीवर काऊन नेम धरून राह्यला बे,” देवाभाऊ माईकमध्ये ओरडला, आणि चंद्रपूरच्या त्या थंडगार हॉलमध्ये, जिथे लोक खोकायलासुद्धा बाहेर जात होते, तिथे इंदूरचा एक नावाजलेला खेळाडू टेबलावर वाकल्या वाकल्या दगड झाला. पंचांनी आमच्याकडे पाहिलं, संयोजकांनी पाहिलं. मी छताकडे पाहिलं, कारण देवाभाऊच्या बाजूच्या खुर्चीवर मीच होतो. स्पर्धा व्यावसायिक पूलची. सहा खिशांचं मोठं टेबल, रंगीत नंबरी गोट्या, हातात लांब काठी आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. देवाभाऊ हा खेळ केबलवर भद्रावतीपासून आलापल्लीपर्यंत थेट दाखवत होता, मराठीतून सांगत होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं होतं. काच बिचारी काय करणार... भद्रावतीत देवाभाऊ हसला की वरोऱ्याचे कुत्रे भुंकतात, असं मी सांगतो. कोणी अजून तपासलेलं नाही.

तो गेला त्याला महिना उलटून गेला. मी आलापल्लीत एका छपरावर चढून वायर ओढत होतो. खिशातला फोन वाजला. देवाभाऊची पोरगी पौर्णिमा. “काका, बाबा गेले.” मी विचारलं, “कुठी गेले?” कारण तो कायमच कुठेतरी गेलेला असायचा. भद्रावतीच्या बसस्टँडवर, चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहताना, उभ्याउभ्याच गेला म्हणे. बाजूला बाकडं रिकामं होतं. हा माणूस खुर्चीत टेकला तरी त्याचा एक पाय आधीच दाराकडे निघालेला असायचा. आता हे लिहायला बसलो आहे, तर मलाही बसवत नाही. एक ओळ होते, मी उठतो, अंगणात जातो, परत येतो.

भद्रावतीत केबल त्याची, चामोर्शीत माझी. धान निघालं की आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा जीपवर भोंगा बांधून नाटकाची जाहिरात करत फिरणारा तो पहिला. एकदा जंगलातल्या रस्त्यावर वाघ आडवा आला आणि नाटकाचं नाव, वेळ, ठिकाण सारं ऐकून मग गेला, असं तो सांगायचा. मी जीपमध्ये होतो. वाघ दोन होते. तर अशा माणसाच्या पोरीला नाद लागला पूलचा. चंद्रपूरला कॉलेजात शिकताना ती एका क्लबात खेळायला लागली आणि चांगलं खेळायला लागली. देवाभाऊ एवढा हरखला की आलापल्लीच्या सुताराकडून सागवानाची काठी करवून आणली. ती उचलायला पहिलवान लागायचा. पौर्णिमानं ती कपडे वाळत घालायला दिली.

अडचण सुमनबाईंची होती, म्हणजे पौर्णिमाच्या आईची. पूल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे सिगारेटचा धूर आणि उडाणटप्पू पोरं. “त्या अड्ड्यात माही पोरगी जाणार नाई,” एवढंच त्या म्हणायच्या. देवाभाऊ समजावून थकला, तेव्हा त्यांनी अट घातली. “चार घरच्या बाया बसून पाहतील, असं दाखवा. मंग पाहू.” त्यांना वाटलं, विषय मिटला. देवाभाऊला वाटलं, परवानगी मिळाली. नेमकी त्याच सुमारास ही बाहेरची मोठी स्पर्धा चंद्रपूरला आली आणि हा गृहस्थ संयोजकांच्या दारात जाऊन उभा राहिला. हो म्हणेपर्यंत हललाच नाही.

पहिला दिवस पडला. पडला म्हणजे आपटला. देवाभाऊनं पुस्तकातल्यासारखं सांगायचा प्रयत्न केला, कोन, फिरकी, नियम... पडद्यावर आमचा फोन नंबर होता, त्यावर एकच फोन आला, चामोर्शीहून एका म्हाताऱ्या बाईचा. “काय जी, त्या पांढऱ्या गोटीनं असं काय केलं? सारे जण तिलेच मारून राह्यले.” मी हसलो. देवाभाऊ हसला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो हॉलभोवती घिरट्या घालत राहिला, हातातला समोसा थंड झाला, आणि मग एकाएकी माझा दंड धरून म्हणाला, “पांढरी गोटी म्हणजे सोयरीक जुळवणारा मामा.”

दुपारपासून आमच्या केबलवर पूल नव्हतं, लग्नसराई होती. टेबलावर एका बापाच्या नऊ पोरी. एक नंबरची थोरली, नऊ नंबरची शेंडेफळ. मामानं आधी थोरलीपाशीच जायचं, तिला टाळून धाकटीला शिवलं की पाप. मामानं सर्वांना पोचवायचं, पण स्वतः कोणाच्या घरात घुसायचं नाही, घुसला तर समोरच्याची मजा. आणि शेंडेफळ उजवली की मांडव सुटला, डाव संपला. सहा खिशांना त्यानं सहा गावांची नावं दिली. कोपऱ्यांवर भद्रावती, वरोरा, मूल, सिरोंचा. मधले दोन अवघड खिसे चामोर्शी आणि आलापल्ली. “तिसरी निघाली वरोऱ्याले... पोचली. आता चौथीचं पाहा, आडोशाले बसली आहे, मामाचा रस्ता अडला,” असं तो सांगायचा, आणि खरं सांगतो, माझ्या मावशीनं चुलीवरची भाजी करपवली.

नियम सहा वर्षांच्या पोराला कळला आणि नव्वदीच्या म्हातारीलाही. फोन असे वाजायला लागले की आमचा फोन तापून त्यावर पोळी भाजता आली असती. त्यात तक्रारीच जास्त. दुसऱ्या दिवशी चामोर्शीचा एक गृहस्थ संतापून म्हणाला, “सकाळपासून आमच्या गावात एकबी पोरगी नाई दिली. आमचं गाव का खराब आहे?” मधल्या खिशात गोटी घालणं अवघड असतं, हे त्याला पटेना. आलापल्लीहून एका मंडळानं तर पुढची पोरगी आमच्याच गावात द्या, असं आग्रहाचं निमंत्रणच दिलं. मात्र पौर्णिमा त्या दिवशी बापाला डबा द्यायला आली होती, ती काचेपाशी उभी राहून ऐकत होती. जाताना म्हणाली, “बाबा, साऱ्या पोरी सासरी धाडून राह्यले. काठी कोणाच्या हाती आहे, ते बी सांगा कधी.” देवाभाऊनं माईकवर हात ठेवला आणि म्हणाला, “आधी पाहू दे लोकायले.”

सुरुवातीला सांगितलेली ती आरोळी अंतिम सामन्यात गेली ती अशी. टेबलावर सातवी, आठवी आणि नववी उरलेल्या, आणि इंदूरवाल्याची नजर सरळ नववीवर. पंच आमच्या काचेपर्यंत येऊन बोट ओठांवर ठेवून गेले. खेळाडू पुन्हा वाकला. पांढरी गोटी सातवीला लागली, सातवी सरकत जाऊन नववीला लागली, आणि नववी आरामात मधल्या खिशात. डाव खलास. देवाभाऊ काचेला नाक लावून पाहत राहिला आणि मग अगदी हळू, नाटकातल्या बापाच्या आवाजात म्हणाला, “थोरलीच्या मांडवातच धाकटीचं जुळलं... चामोर्शीले.” चामोर्शीत त्या संध्याकाळी फटाके फुटले. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

घरी गेल्यावर देवाभाऊनं बायकोला विचारलं, “पाह्यलं का बायांनी?” सुमनबाई म्हणाल्या, “वाड्यातल्या साऱ्या आपल्याच घरी बसून होत्या. चहा करता करता हात दुखले.” दुसऱ्या सोमवारी त्या स्वतः पौर्णिमाला घेऊन एसटीनं चंद्रपूरच्या क्लबात गेल्या, भिंतीजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, आणि पुढे कितीतरी महिने बसतच राहिल्या. पौर्णिमा जिल्ह्याबाहेर खेळली, राज्याबाहेर खेळली. देवाभाऊ स्पर्धांच्या आणि चॅनेलवाल्यांच्या मागे लागला, मराठीत दाखवा म्हणून. एका मोठ्या खेळाच्या चॅनेलनं यंदा व्यावसायिक पूलचे सामने घ्यायला सुरुवात केली, मराठीत नाही, हिंदीत. त्यांच्याशी बोलायलाच तो त्या दिवशी चंद्रपूरला निघाला होता.

देवाभाऊच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि दुपारी त्याचे मोठे भाऊ बैठकीत उभे राहून बोलायला लागले. माणूस वाईट नाही, पण घरात आता आपणच मोठे, हे त्यांना फार लवकर समजलं. पौर्णिमा दोन दिवसांपूर्वीच सामन्यासाठी इंदूरला गेली होती, तेही त्यांना लागलं होतं. “देवा होता तोवर चाललं,” ते म्हणाले. “आता पुरे. वडसाले एक पोरगा आहे, नोकरीचा. पोरीले बोलावून घ्या, जुळवून टाकू.” पाहुणे माना डोलवायला लागले. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. बोलावं तर मी कोण, आणि न बोलावं तर देवाभाऊला काय तोंड दाखवू... सुमनबाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून या भासऱ्यापुढे, थोरल्या दिरापुढे, त्यांनी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. काही सांगायचं असलं तर देवाभाऊमार्फत सांगायच्या. आता तो दुवाही नव्हता. भिंतीवरच्या टीव्हीवर पौर्णिमा पांढऱ्या शर्टात, काठीच्या टोकाला खडू लावत टेबलाभोवती फिरत होती. हिंदीवाला काहीतरी कोन, फिरकी सांगत होता. भाऊ पुन्हा म्हणाले, “काय म्हणता मंग? वडसावाल्याले काय कळवू?”

सुमनबाईंनी पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊजी, टीव्हीसमोरून सरका.”