शेव चमकली

किरण उद्या एरंडोलला जाऊन खरं बोलणार, या काळजीने कोकिळाबाईंचा दुपारी डोळा लागेना. मुलगा खोटं बोलतो म्हणून रडणाऱ्या आया असतात. यांचं सगळंच उलटं.

किरणने एकतिशी ओलांडली होती, लग्न व्हायचं होतं, आणि तो जळगावला एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. घास तोंडात घालण्याआधी त्याचा वास घ्यायची त्याची लहानपणापासूनची खोड. शिकला की जाईल असं त्यांना वाटलं होतं. त्याने त्या खोडीचाच पगार सुरू करून घेतला. तेल-तूप हवेने, उजेडाने खवट व्हायला लागलं की नाकाला कळायच्या आत ते ओळखायचं, हे त्याचं काम. त्यासाठी तो लिक्विड क्रिस्टल वापरायचा. मोबाइलच्या पडद्यात असतं ते, ना धड पाणी, ना धड खडा.

“आई, त्याचे कण म्हणजे शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं समज,” त्याने सांगितलं होतं. “चांगलं तेल असेल तर ती ताठ उभी राहतात, आणि सूक्ष्मदर्शकात सगळं काळं दिसतं. तेल बिघडलं की पोरं आडवी होतात, मग उजेड दिसायला लागतो.”

“कळतं रे मला. केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे मी,” कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

ते महिन्याभरात साऱ्या नातेवाइकांना कळलं. खिचडीवर कच्चं तेल घ्यायचं ते सोनगीरच्या घाण्याचंच, म्हणजे त्यांच्या माहेरचं, असा धुळ्याच्या घरात नियम. घरातल्या त्या तेलाच्या डब्यातलं बाटलीभर तेल किरण घेऊन गेला आणि तिकडून त्याने दोन फोटो पाठवले. दुकानातल्या ताज्या तेलाचा फोटो काळाकुट्ट. माहेरच्या तेलाचा असा रंगीबेरंगी, की दिवाळीच! कोकिळाबाईंनी तो लगेच स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, ‘माहेरच्या तेलाचं तेज’. सोनगीरच्या वहिनीने हात जोडलेले पाठवले. मागोमाग किरणचा फोन.

“आई, ते स्टेटस काढ.”

“का? दृष्ट लागेल?”

“चमकलं म्हणजे खवट. काळं ते चांगलं.”

कोकिळाबाईंनी आधार शोधावा तसं नवऱ्याकडे पाहिलं. ज्ञानेश्वरराव शांतपणे म्हणाले, “मला वाटायचं, तुझ्या माहेरच्या तेलाला वासच तसा असतो.” लग्नापासून खात होते बिचारे!

असा हा मुलगा. पिंपळनेरच्या स्थळाकडे चिवड्याची बशी नाकाशी नेऊन “तळणाचं तेल बदला” म्हणाला होता. ते स्थळ तिथेच संपलं. आता एरंडोलची पुनम त्याला मनापासून आवडली होती. “त्यांच्याकडून फोन आला का?” असं तो आपणहून विचारत होता. आणि पुनमचे वडील निंबा नाना कोण, तर शेव-फरसाणचे दुकानदार! बोलणी झाल्यावर त्यांनी हौसेने पुडा पुढे केला होता. “जावईबापू, तपासा बरं! बठ्ठा गाव आमनी शेव लेस.” सारा गाव आपलीच शेव घेतो, ही त्यांची ऐट.

आणि आज सकाळी किरणचा फोन आला. “आई, नानांची शेव चमकली.”

“यंत्र चुकलं असेल.”

“आमची पद्धत अजून प्रयोगातच आहे, म्हणून जुन्या पद्धतीनेही तपासली. तेच निघालं. उद्या दुकानात जाऊन सांगतो.”

“अरे, आधी सुपारी फुटू दे, मग सांग!”

“तोवर लोक खातील. पुनमही रोज तीच खाते.”

तेव्हापासून कोकिळाबाई थापा जुळवत बसल्या होत्या. पुडा हरवला म्हणावं? किरणला ताप आलाय म्हणावं? एकेक थाप त्या मोठ्याने म्हणून बघत होत्या. पेपराआडून ज्ञानेश्वरराव म्हणाले, “यापेक्षा त्याचं खरं बरं वाटतंय.”

बाईंना राग आला, पण थाप काही सुचेना. किरणने तेल खवट ठरवलं तेव्हा त्यांना काय झोंबलं होतं? तेल नव्हे. डबा तर त्यांनी त्याच दिवशी रिकामा केला होता. झोंबलं होतं ते साऱ्या गोतावळ्यापुढे फजिती झाली ते. आणि हा दिवटा उद्या भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, नानांना प्रार्थनेच्या पोरांची गोष्ट सांगणार!

त्याला गप्प करणं त्यांच्या हातात नव्हतं. नानांना ते घरात, दार लावून, आधी कळणं मात्र जमण्यासारखं होतं. कोकिळाबाईंनी चष्मा लावला आणि पुनमच्या आईचा, बेबाबाईंचा, नंबर काढला. पहिल्यांदा स्वतःच्या तेलाचं आणि स्टेटसचं सांगायचं. बेबाबाई पोट धरून हसल्या, तर मग शेवेचं. नाही हसल्या तरी शेवेचं सांगायचंच.