आईवाली

कॉलेजात तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. एरवी सगळे तिला ‘आईवाली’ म्हणायचे. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली वेगळ्या, घरून ये-जा करणाऱ्या वेगळ्या आणि ही एकटीच आईला सोबत घेऊन शिकायला आलेली. चिडवण्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. उलट दुपारच्या सुट्टीत सगळ्यांत आधी आईवालीचा डबा संपायचा, मग बाकीच्यांचे उघडायचे.

ती फार्मसीला होती. घर बसने दिवसभराच्या अंतरावर. वडील आणि मोठे काका मिळून फर्निचरचा कारखाना चालवत. कारखाना घराच्या मागेच होता, त्यामुळे वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा लाकडाचा भुसा असायचा. घर एकत्र, माणसं भरपूर. बारावीला बरे मार्क पडले तेव्हा बाबा म्हणाले, “आपल्या घरात पांढऱ्या कोटातलं एक तरी माणूस हवं.” तिला काय हवंय हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि विचारलं असतं तर तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. मग आजीने फर्मान काढलं, “पोर परक्या गावात एकटी राहायची नाही. सुनेनं जावं सोबत. सहा महिने बघू.”

सहा महिने म्हणता म्हणता दोन वर्षं झाली होती.

अभ्यासात ती ना पुढे होती ना मागे. एखाद्या विषयात दणदणीत नापास झाली असती तर कदाचित सुटली असती. पण परीक्षा आली की ती रेटून पाठ करायची, काठावर का होईना पास व्हायची, आणि पास झालं की पुढचं सेमिस्टर समोर येऊन उभं राहायचं. पाठ केलेलं आठवड्याभरात विसरून जायची. औषधांची लांबलचक नावं तिला दुसऱ्या कुणाच्या तरी घरातल्या पाहुण्यांसारखी वाटायची: ओळख करून दिली जाते, आपण हसतो, आणि वळल्याबरोबर नाव विसरतो.

पाचव्या सेमिस्टरच्या आधीच्या सुट्टीत ती घरी गेली आणि पूर्णवेळ कारखान्यातच रमली. मोठे काका कमी बोलणारे. त्यांनी एका कपाटाचं दार तिच्या हवाली केलं. तिने ते रंध्याने तासलं, बिजागऱ्या लावल्या, बसवून पाहिलं. दार तळाशी घासत होतं. पुन्हा काढलं, पुन्हा तासलं. तिसऱ्या खेपेला दार बोटाच्या धक्क्याने मिटलं तेव्हा काकांनी ते दोनदा उघडून-मिटून बघितलं आणि एवढंच म्हणाले, “हात चांगला आहे तुझा.” त्या दिवशी तिला कळलं, आपल्याला काय हवंय ते. कळलं ते फार उशिरा, असंही लगेच वाटलं.

त्याच सुट्टीत तिने आणखी एक गोष्ट पाहिली. आई घरी आली की आवाजच हरवून बसायची. पहाटे स्वयंपाकघरात शिरायची ती दुपारी बाहेर यायची. मोठी काकू सांगायची, आई करायची. आजी बोलायची, आई ऐकायची. कुणी छळत नव्हतं तिला. कुणी काही विचारतही नव्हतं, इतकंच.

निघायच्या दिवशी बस सुटली तेव्हा मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. गाव मागे पडलं आणि शेजारी आईने आधी सैलावून पाय पसरले, मग कंडक्टरशी गप्पा सुरू केल्या. म्हणाली, “अगं, खिडकीकडे मला बसू दे ना जरा.” बस जसजशी पुढे जात होती तसतशी एकीची मान खाली जात होती आणि दुसरीची वर येत होती.

तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली महिनाभर बंद होती. कोंदट वास आला. आईने चपला काढायच्या आधी खिडक्या उघडल्या, गादी बाल्कनीच्या कठड्यावर टाकली आणि गाणं गुणगुणत भांडी विसळायला घेतली. “किती दिवसांनी घरी आल्यासारखं वाटतंय गं!” ती म्हणाली. मुलीने बॅग कोपऱ्यात ठेवली आणि ती उघडलीच नाही. दोन दिवस ती वरच्या कप्प्यातलेच कपडे काढून घालत होती.

सेमिस्टरचा पहिला दिवस सगळ्यांचा वेगळा होता. नोटीस बोर्डासमोर वेळापत्रक बघायला झुंबड उडाली होती. कुणी गळ्यात पडत होतं, कुणी नवे बूट दाखवत होतं. ‘या वेळी पहिल्या दिवसापासून अभ्यास’ अशी दर वेळची शपथ घेणारेही होते. मागचे दोन विषय राहिलेला एक मुलगा खांबाला टेकून उगाच हसत होता. हिची मैत्रीण लंबू, हॉस्टेलवर राहणारी, उंचीमुळे सगळ्यांच्या डोक्यावरून वेळापत्रक वाचून दाखवत होती. “सोमवारी सकाळीच प्रॅक्टिकल! मेलो आपण! पण तुला काय गं आईवाले, तुला आयता डबा, आयते कपडे. राजकन्या आहेस.”

“हो ना,” ती म्हणाली. बोर्डावरच्या चौकटी तिला जाळीसारख्या दिसल्या. सोमवार ते शनिवार, एकही भोक सुटायला नव्हतं. त्याच क्षणी तिने ठरवलं, आज आईला सांगायचं. मला हे जमत नाही, मला घरी जायचंय, मला काकांकडे काम शिकायचंय.

आई कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. पहिल्या वर्षी दिवसभर खोलीत बसून कंटाळली म्हणून सहज चौकशी केली होती, आणि दुकानदाराने ठेवून घेतली. आता सगळं कॉलेज तिला ‘झेरॉक्स मावशी’ म्हणून ओळखत होतं. मुलगी तिथे पोचली तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. आई मशीनचं झाकण एका हाताने उघडत होती, दुसऱ्या हाताने कागद लावत होती आणि तोंडाने रांगेला शिस्त लावत होती.

“ए चष्म्या, पुढे घुसू नकोस, मला दिसतंय सगळं. तुला दोन्ही बाजूंनी हवंय का रे? मग आधी सांगायचं ना, बाळा. हे बघ, सीनियरच्या वहीतल्या चुकाही सोबत छापून येतात हां, त्याला मी जबाबदार नाही!”

रांग खो-खो हसली. मुलगी बाजूला उभी राहून बघत होती. ही बाई तिने घरी कधीच पाहिली नव्हती.

आईचं लक्ष गेलं. “आलीस? अगं, ऐकलंस का! मागच्या फाटकाजवळ शेठ दुसरं दुकान काढतायत. म्हणाले, ते पूर्ण तुम्हीच बघा. शटरची किल्लीसुद्धा माझ्याकडे!” तिने गळ्यातली किल्ली वर करून दाखवली. कपाळावर घाम होता, गालाला शाई लागली होती. “तू काहीतरी सांगणार होतीस का?”

“नाही. डबा छान होता, एवढंच.”

पुढचे काही आठवडे ती कॉलेजला जात राहिली. एका प्रॅक्टिकलला काचेच्या नळीतून थेंबथेंब आम्ल सोडायचं होतं. खालच्या द्रावणाचा रंग बदलला की थांबायचं. तिच्या द्रावणाचा रंग केव्हाच गडद झाला होता, आणि ती थेंब पडताना बघतच राहिली होती. मॅडम ओरडल्या तेव्हा ती ॲप्रनसकट बाहेर येऊन जिन्यात बसली. मागोमाग लंबू आली. तिला तिने सगळं सांगून टाकलं.

“मग सांग ना आईला. एवढी चांगली आहे तुझी आई.”

“सांगितलं तर तिलाही परत जावं लागेल.”

“जाईल की. तिचं घर आहे ते.”

“तू तिला काउंटरवर बघितलंयस ना?”

लंबू शेजारी बसली. मग म्हणाली, “म्हणजे तुझी आई तुझ्यासोबत नाही आलेली. तूच तिच्यासोबत आलीयस.”

एका रविवारी बाबा न कळवता आले. चहा झाला आणि त्यांनी विषय काढला. मोठ्या काकूचे गुडघे दुखतात, घरात हाल होतायत, आणि पोर आता लहान नाही. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये जागा होतेय, त्यांनी चौकशी केली होती. “दोन वर्षं झाली, बास झालं की. तू चल आता घरी,” ते आईला म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट आपण दोघींचीही सोय करतोय असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

आई कप उचलून विसळायला गेली. नळ चालू राहिला, पण भांड्याचा आवाज येईना.

बाबा मुलीकडे वळले. “तुला काय वाटतं गं? तू सांगशील तसं.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं. हॉस्टेल नको, कॉलेज नको, मी घरी येते, एवढं म्हणायचं होतं. किंवा हॉस्टेल चालेल, एवढंच. त्यातही थोडी मोकळी झाली असती. तिने नळाकडे पाहिलं.

“आईशिवाय मला नाही जमणार, बाबा,” ती म्हणाली. “अभ्यासच होणार नाही माझा.”

बाबांनी सुस्कारा सोडला. “अजून कुक्कुलं बाळच आहे,” असं म्हणून तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि संध्याकाळच्या बसने परत गेले.

त्यांना सोडून आल्यावर आई पलंगावर बसली. “खोटं बोललीस.”

“हो.”

“तुला ते कॉलेज आवडत नाही, हे मला पहिल्या वर्षापासून माहितीये. प्रत्येक सुट्टीनंतर तुझं तोंड बघते ना मी बसमध्ये. पण घरी जायचंय का, असं विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर? म्हणून नाही विचारलं.” तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. “आई आहे म्हणे मी.”

मुलगी रडली नाही. तिला राग आला, खूप, आणि तो येतोय हे बघून जरा हलकंही वाटलं. “मग आता काय करायचं?” तिने विचारलं.

खाली रिक्षा थांबली, कुणीतरी सामान उतरवलं, रिक्षा गेली. मग आई म्हणाली, “इतकं शिकलीस तर पुरं कर. तोवर मी बोलायची हिंमत गोळा करते. मला वेळ लागेल, पण बोलेन. तुझ्या आडून नाही राहणार.”

वेळ लागलाच. सहावं सेमिस्टर गेलं, सातवं गेलं, आणि आई दर सुट्टीत घरी जाऊन काही न बोलता परत आली. शेवटची परीक्षा झाल्यावर मात्र तिने बाबांना फोन लावला. “अहो, पोर येतेय उद्या. मी इथेच राहणार आहे. दुकान आहे माझ्याकडे. सणावाराला येत जाईन.” मग बाबांनी विचारलं, “लोकांना काय सांगू?” आई म्हणाली, “दुकान चालवते म्हणून सांगा. खरंच तर आहे.” फोन ठेवल्यावर मुलीनेच तिला पाणी पाजलं.

मुलगी एकटीच घरी गेली. पांढरा कोट कपाटात टांगला. काकांनी तिच्यासाठी कारखान्यात खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या काकूने दारावर टकटक केली. “ऊठ गं. आईची जागा रिकामी आहे, कुणीतरी बघायला नको?” तिला नाही म्हणता आलं नाही. सकाळभर स्वयंपाकघर, दुपारी आवराआवर, आणि कारखान्यात पोचेपर्यंत उन्हं कलायची. काका काही विचारायचे नाहीत, तिच्या टेबलावरचा भुसा तेवढा झटकून ठेवायचे. असं वर्ष गेलं. एकदा आरशात तिने स्वतःला पाहिलं, तर चेहऱ्यावर सुट्टीत घरी आलेल्या आईचा तो मुका भाव होता.

त्या रात्री जेवताना, सगळे पानावर असताना, ती म्हणाली, “सोमवारपासून सकाळी मी कारखान्यात जाणार. एक वेळचा स्वयंपाक मी करेन, दुसऱ्या वेळचं तुम्ही सगळ्यांनी मिळून बघा. काकांच्या दोन्ही मुलांना हात आहेत.”

आजीने भांडं आपटलं. बाबा ताटाकडे बघत राहिले. मोठी काकू त्यानंतर आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. थोरल्या चुलतभावाने पहिल्या दिवशी भाजी करपवली आणि सगळ्यांनी ती मुकाट खाल्ली. जेवणं उशिरा व्हायला लागली, पण होत होती. त्या पहिल्या सोमवारी सकाळी ती कारखान्यात गेली तेव्हा काका नुकतेच कुलूप काढत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्यातली एक मोठी फळी दाखवली आणि म्हणाले, “दुसरं टोक धर. एकट्याच्यानं उचलवत नाही ती.”