सरजाबाईचा नंबर

लातूर जिल्हा नवा झाला, पण पाऊस मेला जुन्याच जिल्ह्यात राहिला! त्या उन्हाळ्यात रेणापूरकडच्या गावात टँकर आला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द झाला, नंबर.

तसा तो गावाला नवा नव्हता. पोरीचा शाळेत पहिला नंबर, म्हाताऱ्याच्या चष्म्याचा नंबर, दुकानातला दोन नंबरचा माल. एका शब्दाला किती धंदे! सरजाबाईनं रामकिशन गुरुजींना गाठलं, "गुर्जी, ह्यो मूळचा कुठला?"

गुरुजी खुलले. लॅटिनमधून फ्रेंचांकडं गेला, म्हणाले, तिथून इंग्रजांकडं आणि मग आपल्याकडं.

"अगं बया! एवढ्या घरचं पाणी पिऊन आलाय, म्हणून तर जात इचारत न्हाई!"

हे हसण्यावारी नव्हतं. बुद्धवाड्यातल्या सरजाबाईनं गावच्या विहिरीवर आजवर घागर खाली ठेवून वाट बघितली होती. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. टँकरवर मात्र ड्रायव्हर चंद्रप्पाचा कायदा. जो आधी त्याचा नंबर, आणि ज्याचं भरलं त्यानं मागच्याला नळी धरायची.

एका सकाळी सरजाबाईची घागर सगळ्यात पुढं लागली. मागं पाटलाची केवळाबाई. म्हणजे पाटलिणीचं पाणी आज सरजाबाईच्या हातचं! केवळाबाईनं गुपचूप सरजाबाईची घागर मागं सारली.

सरजाबाईनं ओळखलं, आज गप बसलं, तर उद्यापासून पुन्हा ओतून घेणं आलं. तिनं घागर उचलली आणि जागेवर ठेवली.

"पाटलीणबाई, नंबर माझा हाय."

"सरजे, तोंड लई सुटलंय तुझं!"

"तहान लागलीय बाई. तोंड उघडणारच की!"

बायका फिसकन हसल्या. चंद्रप्पानं नळी सरजाबाईच्या हाती दिली. घागर भरली, तरी ती नळी धरून उभीच. मागून गलका उठला, "भरा की पाटलीणबाई, न्हाईतर नंबर सोडा!"

केवळाबाईनं तोंड फिरवून घागर पुढं सरकवली. सरजाबाईनं थेंब सांडू दिला नाही. मग केवळाबाईनं मागचीला नळी धरली. आता ही ते पाणी ओतून टाकते की काय, म्हणून सरजाबाई जागची हलली नाही.

केवळाबाई वाकली. घागर काही उचलेना. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "सरजाबाई, जरा हात लाव गं."