हात आपटला की सोडायचं

वारज्याच्या जिममधला आमचा इंग्रज कोच पूर्वी तिकडे इंग्लंडमध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती लढायचा. सरावानंतर पोहे खाताना तो जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या लढतीच रंगवून सांगतो. मला त्याचा हेवा वाटतो तो याचाच. हिंजवडीत पंधरा वर्षं नोकरी करून मला एकही चूक कबूल करता आलेली नाही.

काल सरावात त्याची मान माझ्या दंडात सापडली. त्यानं मॅटवर हात आपटला. हात आपटला म्हणजे हरलो, समोरच्यानं लगेच सोडायचं. मी सोडलं नाही, उलट आणखी आवळलं.

शेवटी मी सोडल्यावर तो मान चोळत उठला आणि मोडक्या मराठीत सगळ्यांना म्हणाला, "मी हरला. यानं छान पकडला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही त्या गुपचूप घेतल्या.