पोपटीतलं मीठ

गेल्या हिवाळ्यात दर रविवारी मी आईला गाडीत बसवून टपऱ्या पालथ्या घालत होतो. तापातून उठल्यापासून तिचं जेवण दोन घासांवर आलं होतं. बाहेरचं काही समोर आलं की मात्र जरा चाखायची. ती चाखायची आणि उरलेलं मी संपवायचो. कुंभिवलीला घावणे, भिवपुरीला सुकट नि तांदळाची भाकरी. तिचं वजन तसूभर वाढेना, माझ्या पट्ट्याची भोकं संपली. बायको म्हणाली, "तुम्ही आईंना फिरवता, की आई तुम्हाला?"

त्या रविवारी कडावच्या रस्त्याला थांबलो. तिथे एक बाई पोपटी लावते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. मग तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. मध्येच चाखून बघायची सोय नाही. चुकलं तर ते मडकं उघडल्यावरच कळतं.

बाईने वाफाळत्या शेंगा पानावर ओतल्या. आईने एक सोलून तोंडात टाकली, डोळे मिटले. आमच्या भावकीत तिने आमटी चाखल्याशिवाय लग्नाची पंगत बसत नसे, त्यामुळे मी नि ती बाई दोघंही निकालाची वाट बघत उभे.

"मीठ अगदी बरोबर पडलंय. हात चांगला हाय गं तुजा."

मी एक शेंग खाल्ली. मग दुसरी. मिठाचा कण नव्हता. मला वाटलं, गुडघ्यांपाठोपाठ आता माझी जीभही गेली. तेवढ्यात बाईने स्वतः एक दाणा तोंडात टाकला आणि कपाळाला हात लावला.

"आवो दादा, थांबा! मीठच टाकायचं राह्यलं की माजं!"

आईचा हात पानावरच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. इतकं भेदरलेलं मी तिला तापातही पाहिलं नव्हतं.

"राहिलं कुठे? मीच नको म्हणालो होतो," मी म्हणालो. "मला बीपी आहे ना."

"तुमी? कवा...?" बाईने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "हां हां, बोल्ला व्हता. माज्याच ध्यानात नाय राह्यलं."

"बीपी तुला, आनि अळणी मी खायचं व्हय रं?" आई कडाडली. पण पुढची शेंग काही तिने सोलली नाही.

गाडीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"तापापासनं काय कळतच नाय बघ. गोड नाय, खारट नाय."

"मग डॉक्टरला सांगू या की."

"डॉक्टरला सांग. सुनेला नको सांगू. ती अजून आमटी उतरवायच्या आधी मला चाखायला आनते. आन मी म्हनते, घाल अजून चिमूटभर."

तेव्हा मला कळलं, दोन महिने घरची आमटी इतकी खारट का लागते ते. आणि मी ती यापुढेही मुकाट्याने ओरपणार आहे, हेही. खोट्या बीपीचं खरं व्हायला आता फार दिवस लागायचे नाहीत.