फिरकीवरचं कुंकू

मडिवाळप्पा मूळचा उदगीरचा, पण नांदेडात सायकलींचं दुकान चालवता चालवता त्याचे केस पिकले. माणूस कामाला चोख आणि डूख धरण्यातही चोख. गेल्या दिवाळीत प्लायवूडवाल्या रविकिरणने समोरच्या हॉटेलात, पहाटे सायकली हाणणाऱ्या सगळ्या मंडळींदेखत सांगितलं होतं, “अप्पाच्या हाती सायकल देऊ नका. माझी डोंगरी सायकल सर्व्हिसिंगला टाकली, तर पुढच्या फोर्कची, दणके झेलणं चालू-बंद करायची फिरकी जाम करून दिली.”

त्यानंतर त्यातला एकही जण दुकानाची पायरी चढला नाही. मडिवाळप्पाने त्या हॉटेलातला चहा सोडला. “त्याच लोकांपुढं त्याला ‘चुकलो’ म्हणायला लावतो, मगच तिथं बसतो,” असं त्याने बायकोला, लक्ष्मम्माला, ठणकावून सांगितलं.

आणि या भाद्रपदात रविकिरणच सायकल ढकलत दारात आला.

“अप्पा, शोरूमवाले फोर्कच बदला म्हणून राहिले. रविवारी सगळे इस्लापूरला चाललोत, सहस्रकुंडाच्या धबधब्याला. फिरकी बंदवर अडकलीय, फोर्क दबतच न्हाई, खड्ड्याचा दणका सरळ मनगटात बसतोय.”

“माझ्या हातानं सायकली बिघडतेत ना? नीट झाली तर चुकलो म्हणायचं. हाटेलात. सगळ्यांदेखत.”

“हाव,” रविकिरण खाली मान घालून म्हणाला.

मडिवाळप्पाला हुरूप आला. शोरूमवाल्यांनी पक्कड लावून फिरकीच्या कडा खरवडल्या होत्या, गाढवांनी. त्याने जोर लावलाच नाही. जोर लावला की आतली बारीक दांडी तुटते. गंज सोडवायचं तेल टाकलं, उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं गुंडाळलं आणि तेल मुरेपर्यंत रविकिरणची फजिती मनातल्या मनात रंगवत बसला. मग बाजूचा इवलासा स्क्रू सोडवून फिरकी अलगद वर ओढली. निघाली! “आता बघ बेट्या,” म्हणत त्याने ती उताणी केली.

आत तांबडा, चिकट थर वाळून बसला होता. नखाने खरवडून पाहिला. कुंकू होतं, आणि त्यात खोबऱ्याचा बारीक कण.

गेल्या खंडेनवमीला ही सायकल दुकानातच होती. पाने-पकडी मांडून पूजा केली आणि सगळ्यांत देखणी म्हणून नारळाचा मान तिलाच दिला. फिरकीला कुंकू लावून वर नारळाचं पाणी मोठ्या भक्तीने त्यानेच ओतलं होतं. तेच आत झिरपून, वाळून, फिरकीखालच्या बारीक छर्ऱ्यासकट सगळं धरून बसलं होतं. रविकिरण खरंच बोलला होता.

मडिवाळप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वर्षभर पोसलेला सूड हातचा कोण सोडतो? त्याने कुंकवाचा कणन् कण रॉकेलच्या फडक्याने पुसला, ग्रीस भरलं, छर्रा बसवला. फिरकी टकटक फिरू लागली.

हॉटेलात रविकिरणने सगळ्यांपुढे हात जोडले. “चुकलो, अप्पा. तुमच्या हातात खोट न्हाई.” मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मडिवाळप्पा “बरं” म्हणाला. वर्षाने घेतलेला तो चहा त्याने अर्धाच ठेवला, आणि त्याबद्दलही त्याला राग रविकिरणचाच आला.

“फडक्याला कुंकू कशाचं ओ?” संध्याकाळी लक्ष्मम्माने विचारलं.

“शोरूमवाल्यांचं,” तो म्हणाला.

पुढे खंडेनवमी आली. दुकानात पूजा मांडली होती, तेवढ्यात रविकिरण सायकल घेऊन हजर. धुऊनपुसून चकचकीत केलेली, हँडलला झेंडूचा हार. त्याने मडिवाळप्पाच्या हातात नारळ ठेवला. “अप्पा, यंदा नारळ तुमच्याच हातानं. ह्या फोर्कवरच फोडा.”

“लांब धर ती सायकल!” मडिवाळप्पा ओरडला.

रविकिरणने सायकल मागे ओढली. पूजेचं ताट धरलेल्या लक्ष्मम्माने आधी नारळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि तिला ते कुंकवाचं फडकं आठवलं.